गुणपत्रिकेचा देव्हारा

२०२५ सालच्या १४ जूनला, शनिवारी, वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी पवित्र त्रैक्याचा रविवार होता. लोणावळ्यात पावसाने ठाण मांडले होते. मिस्सा संपली तरी बाहेर पडण्यास कुणी धजत नव्हते. सारी मंडळी चर्चच्या व्हरांड्यात दाटीवाटीने उभी होती. त्या दाटीत आपल्या आईच्या मागे अंग चोरून एक मुलगी उभी होती. आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी तिला गाठलेच.

“काय गं पोरी, किती पडले?”

“पाचशे एक्केचाळीस, अंकल.”

“अरेरे! तुझ्या काकांच्या मुलाला तर मागच्या साली सहाशे चाळीस होते ना? शंभरानं कमी?”

मुलगी काही बोलली नाही. तिच्या आईने घाईघाईने छत्री उघडली आणि दोघी भर पावसात निघून गेल्या.

वाचकहो, त्या गृहस्थांचे मन काळे नाही. नाताळात मुलांच्या हातावर चिक्कीचा पुडा ठेवणारे, शेजारी कुणी आजारी पडले तर रात्रीबेरात्री धावून जाणारे असे ते आहेत. त्यांची वजाबाकीही जवळजवळ बरोबर होती; ६४० मधून ५४१ गेले की ९९ उरतात. चुकला तो त्या वजाबाकीचा अर्थ, आणि तो इतका चुकला की सत्य नेमके त्याच्या उलट होते.

२०२४ सालची प्रश्नपत्रिका त्या मानाने सोपी होती. त्या वर्षी ७२० पैकी ६५० वा त्याहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी देशात पंचवीस हजारांहून अधिक निघाले. ६४० गुणांचा तो मुलगा या सर्वांच्या मागे उभा होता. २०२५ सालची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, फार कठीण निघाली. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुणच ६८६ होते. ६५० च्या वर अवघे ७३ जण होते, आणि ५५० च्या वरचे सगळे मिळून बारा हजारांच्या आसपास. म्हणजे ५४१ गुणांची ही मुलगी बारा हजारांच्या थोडी मागे होती. ज्या मुलीला आमच्या व्हरांड्यात “अरेरे” ऐकावे लागले, ती आपल्या चुलत भावाच्या कितीतरी पुढे होती. पुढे प्रवेशाच्या फेऱ्यांत तिला राज्यातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. त्या रविवारी मात्र ती पावसात भिजत, मान खाली घालून घरी गेली.

तेव्हा मी जे सांगणार आहे ते आरंभीच स्पष्ट सांगतो. या परीक्षेचा गुण म्हणजे त्या एका वर्षी, मे महिन्यातील एका दुपारी, लाखोंच्या रांगेत मिळालेली जागा होय. जागा वाटण्यापुरता तो उपयोगी आहे, आणि तेवढ्यापुरता मान त्याला द्यावा. परंतु आपण त्याला देव्हाऱ्यात बसवले आहे. त्याच्यावरून मुलाची बुद्धी, घराची प्रतिष्ठा, आईबापांचे पुण्य आणि परमेश्वराची कृपा, सारे काही मोजू लागलो आहोत. मूर्तिपूजेविषयी धर्मशिक्षणात आपण मुलांना शिकवतो; मग घरी येऊन तीन आकडी संख्येपुढे त्यांना गुडघे टेकायला लावतो. ही गोष्ट थांबली पाहिजे, आणि ती आपल्या अंगणापासून थांबली पाहिजे.

दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी माझा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात आमच्याकडे विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ झाला. यादी मीच केली होती. व्यासपीठावरून नावापुढे गुण वाचून दाखवावेत आणि स्मृतिचिन्हावर ते कोरावेत, ही कल्पनाही माझीच. त्या मुलाच्या स्मृतिचिन्हावर कोरले होते : ६४५. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. दोन आठवडेही झाले नसतील, तोच त्याचे गुण ६४० झाले.

हे कसे घडले, हे सर्वांनी नीट समजून घ्यावे असे आहे. ५ मे २०२४ रोजी ही परीक्षा झाली. ४ जूनला निकाल लागला तेव्हा पैकीच्या पैकी ७२० गुण मिळवून ‘पहिले’ आलेले विद्यार्थी एक-दोन नव्हे, ६७ होते. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, वाढीव गुण रद्द झाले आणि पहिल्यांची संख्या ६१ वर आली. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचा वाद निघाला. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक उत्तर, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरे; परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही ग्राह्य धरली होती. न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले. २६ जुलैला सुधारित निकाल आला तेव्हा ६१ पैकी १७ जणच पहिले राहिले. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो; म्हणून ज्यांचे उत्तर बाद झाले त्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. आमचा मुलगा त्यांपैकी एक.

त्या संध्याकाळी तो स्मृतिचिन्ह घेऊन माझ्या दारात आला. हसतच म्हणाला, “अंकल, आता यावरचे पाच कसे खोडायचे?” मी हसलो खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मुलाच्या ज्ञानात ४ जूनपासून २६ जुलैपर्यंत तिळमात्र फरक पडला नव्हता. त्याने एका पुस्तकाची एक आवृत्ती वाचली होती, दुसरी वाचली नव्हती. आणि मी ती गोष्ट पितळेत कोरून त्याच्या हातात दिली होती.

आता कुणी म्हणेल, “मग काय, परीक्षाच नको? पुन्हा चिठ्ठ्याचपाट्या, पुन्हा देणग्या?” हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. ज्यांचे केस माझ्यासारखे पिकले आहेत त्यांना जुने दिवस आठवत असतील. आपल्या राज्यात पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. १९८० च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालये निघू लागली आणि त्यांच्याबरोबर ‘कॅपिटेशन’ हा शब्द मराठी घरांत शिरला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी घेणे घटनाबाह्य ठरवले. तरी पैशाने आपले मागचे दार उघडे ठेवलेच. एकेका मुलाने उन्हाळ्यात पाच-सहा ठिकाणच्या प्रवेशपरीक्षा द्याव्यात, प्रत्येक अर्जाची फी भरावी, रेल्वेने देशभर फिरावे, असेही दिवस आपण पाहिले. २०१३ मध्ये प्रथम ‘नीट’ झाली, त्याच वर्षी १८ जुलैला न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ च्या एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, आणि २०१७ पासून आपल्या राज्यातील वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश याच एका परीक्षेवर होऊ लागले. कामशेतच्या भाजीवाल्याच्या मुलीला आणि मुंबईच्या उद्योगपतीच्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. जो रांग मोडतो तो दुर्बळाचाच घास काढून घेतो. म्हणून रांग हवी, आणि रांगेला क्रमांक हवा. माझे भांडण रांगेशी नाही. रांगेतील क्रमांक माणसाच्या कपाळावर गोंदवणाऱ्यांशी आहे.

शिवाय ज्या गुणांवरून आपण इतका कल्लोळ करतो, ते वाचायला तरी आपण शिकलो आहोत काय? दर वर्षी जूनमध्ये मला निरोप येतात : “आमचा मुलगा नीट क्वालिफाय झाला, आता कुठले कॉलेज घ्यावे?” त्या बापाचा आनंद मोडताना जीव कासावीस होतो. पात्रतेची रेषा खुल्या गटासाठी पन्नासाव्या पर्सेंटाइलवर आखलेली असते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे ज्या गुणाच्या खाली राहिले, तो हा गुण. २०२५ मध्ये ही रेषा १४४ वर होती; म्हणजे ७२० पैकी जेमतेम वीस टक्के. त्या वर्षी परीक्षेला बसले बावीस लाखांवर, पात्र ठरले सव्वाबारा लाखांच्या आसपास, आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या एकूण जागा सव्वा लाखाच्या आसपास. दहा पात्रांमागे साधारण एक जागा! त्यांतही सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. उरलेल्या ठिकाणी वर्षाची फी लाखांच्या हिशेबात. ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ ‘दाराबाहेर उभे राहण्यास परवानगी’ इतकाच आहे, हे आपण आपल्या लोकांना सांगत नाही. मग एका घरात खोटा उत्सव होतो आणि शेजारच्या घरात खोटे सुतक.

हीच रेषा किती लवचिक आहे तेही पाहा. २०२०-२१ या वर्षी दंतवैद्यकाच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेचे पर्सेंटाइल दहाने खाली आणण्याचा आदेश दिला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठीची रेषा तर शून्य पर्सेंटाइलवर आली. परीक्षेला जो बसला तो पात्र! काल जो अपात्र होता तो आज पात्र झाला, कारण जागा रिकाम्या होत्या. अशी बाजारभावासारखी वरखाली होणारी रेषा आणि तिच्यावर आपण आपल्या लेकरांचे मोल ठरवणार?

तळेगाव दाभाडे येथे, आपल्याच तालुक्यात, १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अनेक पालकांना वाटते, गावचे कॉलेज म्हणजे गावच्या मुलाला काहीतरी प्राधान्य असेल. तसे काही नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने विभागवार सत्तर-तीसची पद्धतही रद्द केली. राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी सारा महाराष्ट्र एका यादीत असतो. मावळातील मुलगा लातूरच्या, नागपूरच्या, मुंबईच्या मुलांबरोबर त्याच यादीत उभा असतो. पहाटेची लोकल पकडून चिंचवडला किंवा पुण्याला क्लासला जाणारा, रात्री परत येताना डब्यात पेंगणारा आमचा मुलगा आणि क्लासच्या शेजारी खोली घेऊन राहणारा मुलगा यांच्या गुणांतले वीसपंचवीसचे अंतर बुद्धीचे आहे की प्रवासाचे, हे ती यादी सांगू शकत नाही. यादीकडून ती अपेक्षाही नाही. पण आपण तर माणसे आहोत! आपल्याला ते दिसायला हवे.

या ठिकाणी आपल्या ख्रिस्तसभेच्या एका जुन्या दुःखाला स्पर्श करणे भाग आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्याला ठाऊक आहे. आयडा स्कडर या स्त्रीने १९०० साली लावलेले ते रोप. तेथे पूर्वी लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना बोलावून काही दिवस त्यांची मुलाखत घेत, त्यांना एकत्र काम करायला लावून त्यांची पारख करीत. हा हक्क राखण्यासाठी ते महाविद्यालय न्यायालयात गेले. २०१३ चा निकाल त्याच्याच नावाने ओळखला जातो. २०१७ साली तर त्यांनी एम.बी.बी.एस.च्या शंभर जागांपैकी फक्त एक जागा भरली आणि बाकीच्या रिकाम्या ठेवल्या. शेवटी २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही ‘नीट’ बंधनकारक आहे.

या निर्णयाने आपल्यातील पुष्कळांना वाईट वाटले. मलाही वाटले. परंतु त्या वेळी सभांतून जी भाषणे ऐकू आली त्यांतला दांभिकपणा मला बोचला. “गुणांनी सेवाभाव मोजता येत नाही,” असे आपण न्यायालयाला ठणकावून सांगत होतो, आणि त्याच आठवड्यात, त्याच सभागृहात, मुलांची नावे गुणांच्या उतरत्या क्रमाने वाचत होतो! न्यायालयाने आपल्या संस्थांना गुणांच्या क्रमाने प्रवेश देण्यास सांगितले. आपल्या घरांत गुणांच्या क्रमाने प्रेम वाटण्यास सांगितलेले नाही. ते आपण स्वखुशीने करीत आहोत.

आणि डॉक्टर हाच एक मार्ग, बाकी सारे अपयश, हे आपल्याला कुणी शिकवले? ६४० गुणांच्या त्या मुलाची सरकारी वैद्यकीय जागा थोडक्यात हुकली. त्याने सरकारी दंत महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि स्वखुशीने घेतला. लहानपणी त्याच्या आजीचे दात दुखत, तेव्हा तिला लोकलने पुण्याला न्यावे लागे, ते त्याच्या मनात होते. पण आमच्या अंगणात त्याच्या नावापुढे एक ‘च’ चिकटला : “डेंटलच मिळालं.” मराठीतले हे एक अक्षर किती दुष्ट असू शकते! “नर्सिंगच करतेय.” “फिजिओच घेतलं.” “बी.एस्सी.च करणार म्हणे.” या ‘च’ने आपण दर वर्षी किती कोवळी मने चिरडतो याचा हिशेब कुठल्याच गुणपत्रिकेत नसतो.

ज्या समाजाच्या धर्मभगिनींनी या देशात रुग्णसेवेचा एवढा भार उचलला, त्याच समाजाने परिचारिकेला डॉक्टर होण्यात हरलेली मुलगी समजावे, यापरते आश्चर्य कोणते? सिस्टर मेरी ग्लॉवरी यांचे चरित्र आपल्या तरुणांना सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातील ही डॉक्टर स्त्री १९२० साली गुंटूरला आली आणि धर्मभगिनी झाली. त्या केवळ रोगी तपासून थांबल्या नाहीत. स्थानिक स्त्रियांना औषधे देण्याचे, सुईणीचे, शुश्रूषेचे शिक्षण त्यांनी दिले, कारण एकटा डॉक्टर रुग्णालय चालवू शकत नाही हे त्यांना कळत होते. १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना त्यांनी उभी केली. आपले स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे हे त्यांचे स्वप्न होते. १९५७ मध्ये त्या निवर्तल्या, आणि १९६३ मध्ये बंगळूरला सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या स्वप्नात डॉक्टर, परिचारिका आणि सुईण एकाच पंगतीला बसलेल्या होत्या. पंगतीत भेद पाडला तो आपण.

तालांतांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. धन्याने एकाला पाच दिले, दुसऱ्याला दोन. दोघांनीही ते दुप्पट केले. परत आल्यावर धन्याने दोघांनाही अगदी एकसारखे शाबासकीचे शब्द दिले. दोनवाल्याला “पाचवाल्याकडे बघ” असे तो म्हणाला नाही. रागावला तो फक्त ज्याने भीतीपोटी आपले तालांत पुरून ठेवले त्याच्यावर. आता विचार करा : आपल्या तुलनेच्या भीतीने किती मुले आपले खरे तालांत पुरून ठेवीत असतील?

सर्वांत मोठी कसोटी आहे ती पुन्हा परीक्षा देणाऱ्या मुलांची. एकदा, दोनदा, तीनदा. २०२२ साली या परीक्षेची कमाल वयाची अट काढली गेली, आणि किती वेळा बसावे यालाही बंधन नाही. वरवर पाहता ही उदारता आहे. पण तिचा एक परिणाम आपल्या लक्षात आलेला नाही. पूर्वी “आता पुरे” हे नियम सांगत असे. आता ते कुणीच सांगत नाही. म्हणून ते घराला सांगावे लागते, आणि आमची घरे ते सांगायला घाबरतात. एक वर्ष अधिक घेणे यात काही गैर नाही. पुष्कळ चांगले डॉक्टर दुसऱ्या प्रयत्नात झाले आहेत. परंतु तिसऱ्या वर्षी जो मुलगा खोलीचे दार लावून बसतो, युवकांच्या सभेला येत नाही, मिस्सेला आला तर शेवटच्या बाकावर बसून कम्युनियननंतर निसटतो, त्याला अजून डॉक्टर व्हायचे आहे की फक्त व्हरांड्यातल्या प्रश्नातून सुटायचे आहे, हे त्याच्या बापाने कधी विचारले आहे काय? विचारण्याची एक साधी रीत आहे. “तुला माणसांची शुश्रूषा करायची आहे ना? मग त्याला आणखी कोणत्या वाटा आहेत त्या आपण दोघे मिळून पाहू.” हे वाक्य बोलायला एकही पैसा लागत नाही. क्लासच्या फीला मात्र दागिने गहाण पडतात.

केवळ दोष देऊन लेखणी खाली ठेवणे मला योग्य वाटत नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली : गुणगौरव समारंभात गुण वाचणे बंद करा. नाव वाचा, मुलाने काय शिकायचे ठरवले आहे ते वाचा. डॉक्टर होणारा, परिचारिका होणारी, आय.टी.आय.ला जाणारा, सेमिनरीत जाणारा, सारे एकाच ओळीत उभे राहोत. आणि ज्याचे अजून ठरायचे आहे त्यालाही त्या ओळीत जागा असो. काही पालक म्हणतील, “यामुळे हुशार मुलांचा हुरूप जाईल.” ज्या मुलाचा हुरूप शेजाऱ्याच्या कमी गुणांवर पोसला जातो, त्याने पुढे रुग्णांचे काय करावे?

दुसरी : गुण आल्यानंतर जे खरे काम असते त्यात धर्मग्रामाने उतरावे. मागील वर्षीचे गुण पाहू नयेत, क्रमांक पाहावा. खुला गट, राखीव गट, राज्याचा वाटा, अखिल भारतीय वाटा यांत आपण कुठे बसतो ते तपासावे. महाविद्यालयांची पसंती विचाराने भरावी. अधिवासाचा दाखला वेळेत काढावा. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेली आहेत आणि आपल्या राज्यात त्यांची गणना इतर मागास वर्गात होते. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद वेळेत न मिळाल्याने हक्काची जागा जाऊ शकते. तहसील कचेरी वडगावला आहे, चंद्रावर नाही. निवृत्त शिक्षक, रेल्वेतले, बँकेतले आपले लोक मे-जूनचे चार रविवार मिस्सेनंतर एक टेबल टाकून बसले, तर एका स्मृतिचिन्हाच्याही खर्चाशिवाय कितीतरी मुलांचे भले होईल. आणि बंगळूर, वेल्लोर येथील आपल्या संस्थांत कॅथलिक, ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी कोणत्या जागा आहेत, त्यांना सेवेच्या कोणत्या अटी आहेत, हेही त्या टेबलावर कळावे. ‘नीट’चा क्रमांक तेथेही लागतोच, पण शिकून झाल्यावर मिशन रुग्णालयात काही काळ सेवा करण्याची अट ज्याला ओझे न वाटता पाचारण वाटते, असा मुलगा आपण शोधून पाठवू शकतो. प्रवेशाच्या दारातली पारख न्यायालयाने काढून घेतली असेल. घरातली पारख अजून आपल्याच हाती आहे.

तिसरी सूचना पैशाची. १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून, लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या निधीतून. त्याच मावळात आपण राहतो. स्मृतिचिन्हे, हारतुरे आणि जेवणावळ यांचा खर्च वाचवून एक लहानसा फंड का उभारू नये? त्यातून परिचर्येच्या विद्यार्थिनीचा गणवेश यावा, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची उपकरणे यावीत, लोकलचा पास निघावा. देताना गुण विचारू नयेत, गरज विचारावी.

आंदर मावळात किंवा नाणे मावळात भातलावणीच्या दिवसांत चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या बाईला सर्पदंश होतो, तेव्हा तिला हवा असतो जागेवर हजर असलेला डॉक्टर, न घाबरणारी परिचारिका आणि वेळेत आलेली गाडी. त्या घटकेला कुणाला किती पडले होते हे विचारायला तिला उसंत नसते. तिच्यापर्यंत पोहोचेल असे एखादे माणूस आपल्या धर्मग्रामातून निघावे, अशी आपली प्रार्थना असते ना? मग त्या माणसाला व्हरांड्यातच परत पाठवू नका.

त्या मुलाचे स्मृतिचिन्ह अजून माझ्याकडे आहे. पाचाचा आकडा खोडता येईना, म्हणून मी ते ठेवून घेतले आणि त्याला सांगितले की तुला दुसरे देईन, त्यावर फक्त तुझे नाव असेल. ते अजून द्यायचे राहिले आहे. येत्या समारंभात देईन. आणि पुढच्या जूनमध्ये पावसाने आपल्याला पुन्हा व्हरांड्यात कोंडले, समोर एखादी मुलगी आईच्या मागे उभी दिसली, तर वाचकहो, “किती पडले?” हे शब्द ओठांवर येतील तेव्हा ते गिळा. तिला विचारा, “पुढं काय करायचं मनात आहे, बाळ? आमची काही मदत होईल का?” मग मात्र तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत छत्री उघडू नका.